काढलेलं साडी-गार्ड

राखीचे बाबा,

भाजी झाकून ठेवली आहे. मी वरठीच्या स्टेशनावरून गाडी पकडून बहिणीकडे जाऊन राहिली.

तीन महिने तुम्ही मोटरसायकलले लावाच्या सामानाच्या पेट्या पाहून राहिले होते. पत्र्याच्या घेऊ का कापडाच्या, रोज मलेच विचारत. लद्दाखले दोघं जाऊ म्हणलं होतं, म्हणून मीबी हौसेनं सांगतलं. आज मेकॅनिकनं पेट्या बसवल्या अन् साडी-गार्ड, मागचे फुटरेस्ट काढून माह्या हाती देल्ले. म्हणे, "वहिनी, भाऊ म्हणले, मागं कोणी बसणार नाही." हे मले तुम्ही काहून नाही सांगतलं?

ते सारं तुमच्या उशीजवळ ठेवलं आहे. उजव्या पेटीत मी माहा स्वेटर घालून पाहिला होता, तो काढून घेतला. आता तुमाले जागा पुरंल.

रिता