"वयोमानानुसार"

पेण, मंगळवार, दवाखाना बंद केल्यावर

जळफळाट होतोय. लिहूनच टाकते.

जिते गावचे युसुफचाचा आज रोह्याची फाइल घेऊन आले. तिथे मुग्धाने त्यांच्या मानेची सोनोग्राफी केली. माझ्याच हाताखाली शिकलेली मुग्धा! आता तिच्याकडे कॉम्प्युटर आहे. तो रक्तवाहिनीच्या भिंतीवर आपोआप रेघ आखतो आणि चरबीचा थर दाखवतो. चाचांच्या डाव्या बाजूला दाखवला. गेल्या वर्षी तीच मान मी पाहिली होती.

"मशीन लय हुशार हाय," चाचा म्हणाले. "पोरगी बोलली, पेणच्या म्याडमनी बघितलं तेव्हा नव्हता, मागून झाला. व्हय ना?"

मी "हो" म्हटलं.

ते गेल्यावर माझा जुना फोटो काढला. मशीन खोटं पडावं, एवढंच मनात. चाचांचा विचारसुद्धा नाही! थर माझ्याही फोटोत होता. त्यावर मी माप घेतलेलं, आणि खाली सवयीने लिहिलेलं: "वयोमानानुसार". साठीच्या पुढच्या सगळ्यांना लिहिते तेच.

माझा तो रिपोर्ट, मापासकट, मुग्धाच्या फाइलमध्येच टाचलेला होता. म्हणजे तिने वाचला. वाचून मला सांभाळून घेतलं. तसलं मशीन मीही घेईन एखाद वेळी, पण हे कसं गिळू?

आणि आज सकाळच्या दोन रिपोर्टांवरही तोच शब्द आहे. "वयोमानानुसार". फोटो न्याहाळले होते का मी? आठवत नाही.

उद्या सकाळच्या त्या दोन्ही पेशंटना परत बोलवायचं. काय सांगून?