आजीची हाक

हितेंद्र,

चिरंजीव लिहायला हात धजत नाही. मनालीशी तुझा साखरपुडा मोडला तेव्हा माझ्या नातीपेक्षा मलाच तुझं जास्त वाईट वाटलं होतं.

मनालीचे खोटे, घाणेरडे फोटो बनवून कुणीतरी डार्क वेबवर टाकलेत, वर तिला धमकीही पाठवलीय. ते काय असतं विचारलं तर म्हणाली, "आबा, तिथे जो तो तोंड झाकून फिरतो. कोण आहे ते कसं सापडणार?"

"म्हणजे शिमग्याचं सोंगच की गं! ते आवाजावरून ओळखतात. धमकी वाच बघू."

तिनं वाचली, "मुडदुशे, लग्न तर ठरव. फोटो सासरी पोचतील."

मी तिला पहिला शब्द परत वाचायला लावला. अंगानं बारीक म्हणून मुडदुशी या निमुळत्या माशाच्या नावानं तिची आजी तेवढी हाक मारायची. आजी गेली. इथे काळाचौकीत ती हाक कुणाला ठाऊक नाही. साखरपुड्यात कौतुकानं मी ती तुला एकट्याला सांगितली होती.

मी चौथी शिकलेला, पोलिसांची भीतीही वाटते. तरी मनालीला घेऊन सायबर पोलिसांकडे निघालोय. हे पत्र मात्र टपालपेटीत टाकणार नाही. वाचलंस तर मोबाइल पुसून मोकळा होशील.

मनालीचा आबा,
कोंडीराम