कार्बोरेटर गळतोय, असंच सांग

अक्षता,

होडीच्या इंजिनाची गळती थांबली होती. बाबांनी विचारलं तर थांबलीच नव्हती.

कार्बोरेटरच्या सुईखाली वाळूचा कण अडकलेला, म्हणून पेट्रोल टपकत होतं. कण काढला, इंजिन झकास चाललं. तेवढ्यात बाबा येताना दिसले, मग तोच कण परत बसवला. बेपत्ता दादाला शोधायला ते अकरा दिवस एकटेच जातायत, काल तर छातीत कळ आली तरी गेले. गळकं इंजिन समुद्रात न्यायचं नाही, एवढा एकच नियम ते अजून पाळतात.

मी चारकोपला पार्ट आणायला गेलोय म्हण. खरं तर भिकाजीकाकांच्या बोटीतून शोधायला निघालोय. बाबांना जेवायला लाव गं.

समुद्र खात्यास नम्र विनंती: आमचा दादा आहे त्या स्थितीत, विनाविलंब, घरपोच परत करण्यात यावा.