एकावन्न मिलिमीटर

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. दोन वर्षं पत्र नाही, क्षमा कर. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं आधी लिहिलं होतं. ते खरं नाही, म्हणून खोडलं. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची कुरकुर चालू असेलच (चालू असावी; ते गप्प बसले तर काळजी करायची).

मी बरा आहे, म्हणजे बाहेरून. कचेरीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांना माझ्या छातीत कसलासा आवाज ऐकू आला आणि त्यांनी इको काढायला पाठवलं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे म्हणे. चाळीसच्या आत असायला हवी, ती एकोणपन्नास मिलिमीटर भरली. आता वीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासणारा माणूस मी, तोंडातून निघून गेलं, "या यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली?" यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "काका, श्वास रोखा." श्वास रोखला, पण नजर भिंतीवर प्रमाणपत्र शोधत राहिली. नव्हतं. मी लेखी हरकत नोंदवली. (आपली छाती जिच्या हातात आहे तिच्याविरुद्ध हरकत घेऊ नये, हे शहाणपण जिना उतरताना सुचलं.) मग मोठ्या यंत्रात घातलं. त्याचं प्रमाणपत्र चोख होतं. एकावन्न आले. काटेकोरपणाची ही दोन मिलिमीटरची कमाई.

आता जड उचलायचं नाही. वीस किलोची प्रमाण वजनं दुसरे उचलतात, मी नुसते शिक्के मारतो. रागवायचंही नाही. ते सोपं आहे, घरी रागवायला कुणी नाही. परवा गळक्या नळावर रागवून पाहिलं, पण समोरून उत्तर आल्याशिवाय त्यात काही राम नाही.

ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. अर्जात जवळच्या नातेवाइकाचा रकाना होता. बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी खालच्या वाण्याचं नाव लिहिलं. रोज "काय साहेब, बरं ना?" विचारणारा तो एकटाच. मग आठवलं, मार्चमध्ये मी त्याचा तराजू जप्त केला होता. मी बेशुद्ध असताना सगळे निर्णय त्याच्या हाती, हे त्याच्यासाठीही अवघडच. खोडलं.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. हे घराण्यातून येऊ शकतं, भावंडांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले. तू लगेच इको काढ. यंत्राबद्दल काही विचारू नकोस.

ता. क. २. त्यांनी बाबांबद्दलही विचारलं. छातीतून पाठीत गेलेली कळ, पंधरा मिनिटांत सगळं संपलं, हे मी सांगितलं. ते म्हणाले, बहुधा हेच फुटलं असणार. दवाखान्याच्या दारात असते तरी वाचवणं कठीण होतं. (बहुधा म्हणाले, खात्रीने नाही.) मी मात्र त्या दिवशी बाबांच्या खाटेपाशी, सगळ्यांसमोर, "दवाखान्यात न्यायला तू उशीर केलास" हे अगदी खात्रीने म्हणालो होतो. काहीही न तपासता. चुकलो, ताई.

ता. क. ३. रकान्यात आता तुझं नाव आहे, न विचारता लिहिलेलं. नको असेल तर कळव. येणार असलीस तर बाहेरच्या बाकावर बसायचं, एवढंच काम आहे.

(माझ्या कामांच्या वहीत) उद्या : पत्र पोचायला चार दिवस लागतील, त्याआधी ताईला फोन करणे.