छाती आणि पोट

गुरुवार, १६ ऑक्टोबर १९८६. मुंबई

आईच्या डाव्या टाचेवरचा डाग बिब्ब्याचा नाही! कॅन्सर आहे. मेलॅनोमा म्हणतात — काळा कॅन्सर.

कुरूप झालं म्हणून तिने कधीतरी बिब्ब्याचा चटका दिला होता. तेव्हापासून आम्ही सगळे बिब्ब्यावर खापर फोडून मोकळे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला नसता, तर अजूनही तेच म्हणत बसलो असतो.

इथले डॉक्टर म्हणाले, आत पसरलं नसेल तर टाचेचा भाग कापून काढू. पसरलं असेल तर कापून उपयोग नाही. ते कॅट स्कॅनमध्ये बघायचं — छाती आणि पोट.

मग त्यांना जांघ चाचपायची होती — पायातलं पसरलं तर आधी तिथे गाठ येते म्हणाले. आईने लुगडं असं आवळून धरलं की सोडेना. कुठे गाठबीठ आहे का, विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. बाहेर ही रांग! मीच वैतागून म्हटलं, "राहू दे आई. मशीन आरपार बघतं, त्यात दिसेलच." डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

रात्रभर एसटी, दिवसभर बाकडं. कंबर मोडली आहे.

शुक्रवार, १७

परळला भिकाजीमामाच्या खोलीत उतरलोय. मी गॅलरीत. झोप कसली! घरी राहीला पत्र लिहायला बसलो, 'तुझ्या सासूला' एवढंच लिहून झालं.

सोमवार, २०

स्कॅन झाला. तंदुरात पाव सरकवावा तसं आईला आत सरकवलं. बाहेर आल्यावर म्हणते, "कालचा जवला पन दिसला असंल रे त्यांना." मामा पोट धरून हसला. मला तेवढंही त्राण नाही.

मिरकरवाड्याहून निरोप — बर्फ कारखान्यातली रजा संपली. संपू दे.

गुरुवार, २३

काही नाही! फुप्फुसं स्वच्छ, यकृत स्वच्छ. दिवाळीनंतर टाचेचं ऑपरेशन. जिन्यातच बसलो आणि रडलो. आई पाठीवरून हात फिरवत होती. परत परत विचारत होती, मशीनीनं सगळं बघितलं ना? काय पण सापडलं नाय ना? हो म्हटलं. तिने केवढा मोठा श्वास सोडला! टाचेची किती काळजी वाहत होती बिचारी.

शनिवार, १ नोव्हेंबर. रत्नागिरी. नरकचतुर्दशी

पहाटे राही आईला तेल लावत होती. तेलाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. डाव्या जांघेत गाठ आहे. सुपारीएवढी. गणपतीच्या आधीपासूनची.

सांगितलं का नाहीस, विचारलं.

"तू हुबा व्हतास ना तिथं," आई म्हणाली. "आनि मशीन आरपार बगता म्हनलास."

छाती आणि पोट. जांघ मशीनमध्ये बघितलीच नव्हती.