काट्यावरची पिशवी

लोणखेडा

प्रिय शकीला,

शनिवारी बालवाडी बंद होते आहे. मुलं पाचच उरली आणि मालकाला खोली हवी आहे. नमिराच्या वस्तू माझ्याकडे पडून आहेत. त्या पोचवायच्या, म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिलं नसतं.

लहानपणी तू याच खोलीत मातीच्या चुली थापायचीस आणि मी रागे भरून तुला नखं धुवायला लावायचे. तुझी लेक नमिरा आली ती उजवी मूठ मिटूनच. पाटीपेन्सिल दूरच, तिला भाकरीचा तुकडाही मोडता येत नव्हता. मी चिंचोके दिले, केळीच्या सोपाचे, सालपटाचे दोर वळायला दिले. महिनोन्महिने ती सगळं नुसतं मुठीने ढकलायची. मग दिवाळीनंतर कापसाची बोंडं आणली. बोंडातून कापूस ओढायचा तर अंगठा आणि बोट लागतातच, मुठीने भागत नाही.

बोंडं माझ्या पुतण्याच्या, भूपेंद्रच्या शेतातली. मुलांनी काढलेला कापूस मी पिशवीत भरून त्यालाच परत पाठवायचे. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, कापूस उकिरड्यावर टाकवत नाही. त्यात काही वावगं आहे हे डोक्यातच आलं नाही. तू त्याच्याकडेच वेचणीला. संध्याकाळी बायांच्या गाठोड्यांमागून वजनाच्या काट्यावर बालवाडीची पिशवी चढली आणि तुझ्याबरोबर वेचणारी नानीबाई हसली म्हणे, "शकीला, तुन्ही पोर बी कामले लागनी का वं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दारात उभी. "बाई, कापूस येचाले मी शे ना. मन्ही पोरले काब्र लायं?" पोरीला मी कामाला का लावलं, हे तुझं विचारणं बरोबर होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण साऱ्या आयांसमोर मी म्हणाले, "मूठ तशीच ठेवायची असेल तर खुशाल घरी ने." तू तिला उचलून नेलंस.

परवा शहाद्याच्या बाजारात तुम्ही दोघी दिसलात. नमिराची मूठ तशीच, तू ती ओढणीखाली झाकली होतीस. मी समोर न येता मागे वळले. आता लपवत नाही. तू भांडायला आलीस त्याच सकाळी नमिराने बोंडातून कापूस ओढला होता. अंगठा बोटाला टेकला होता, दोनदा. तू आलीस की पहिलं तेच सांगायचं ठरवलं होतं. तू तोंड उघडलंस आणि मी रागाने ते गिळलं. पाच महिने गिळून बसले. तुला ठाऊक असतं तर तू रोज तिला घेऊन बसली असतीस. आता तो हात पुन्हा उघडेल अशी आशा मला वाटत नाही. खोटा धीर देणार नाही. तरी तिला बोंडं देऊन बसव. क्षमा मागायला मला तोंड नाही.

तुझीच,
पार्वतीबाई

तुमच्या गल्लीतल्या गफूरभाईंच्या हाती दिलं: रुमाल एक. पाण्याची बाटली एक. त्या सकाळचा कापूस, कागदाच्या पुडीत. चपलांचा जोड एक. आता तिला होणार नाही.