सरोजवहिनींचा सहावा महिना

सोमवार, १२ नोव्हेंबर १९९०

हाललं! दुपारी पावणेतीनला. डाळ निवडत होते. बेंबीखाली, जरा डावीकडे — मासोळीने पाण्यात अंग वळवावं तसं. एकदाच. ताट मांडीवर तसंच धरून किती वेळ बसले कोण जाणे. परत काही नाही.

पण समोरच्या ब्लॉकमधल्या सरोजवहिनी कालच जिन्यात म्हणाल्या होत्या, "उद्या हालेल बघ. दुपारी." मी हसले होते.

आई असती तर विचारलं असतं, असं दुसऱ्याला आधी कळतं का गं? तिला जाऊन अकरा वर्षं झाली. सासूबाई अलिबागला, त्यांचे गुडघे धरलेले. तिसऱ्या महिन्यात थोडं अंगावर गेलं तेव्हापासून शाळेतून रजा. प्रभाकर सकाळी सातला डोंबिवलीला कंपनीत जातो तो संध्याकाळी सातला उगवतो. कळव्यात येऊन चार महिने झाले, ओळखी काहीच नाहीत. मधले बारा तास मी आणि भिंती.

बुधवार, १४ नोव्हेंबर

वहिनी आल्या होत्या. त्यांनाही दिवस गेलेत! मला नुकताच पाचवा लागलाय, त्यांना सहावा. ढगळ पदर घेतात म्हणून इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. पस्तिशीच्या असतील. बसल्या की एक हात पोटाखाली असतो, जड पिशवीला आधार द्यावा तसा.

माझी पाळीची तारीख विचारली. बोटांच्या पेरांवर मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "आता काही भ्यायचं नाही. काय काय होतं ते मी सांगत जाईन." किती बरं वाटलं! त्या गेल्यावर रडलेच जराशी.

सोमवार, १९ नोव्हेंबर

बेंबीपासून खाली काळी रेघ उमटलीय. पेन्सिलीने ओढल्यासारखी सरळ. वहिनींनी सांगितलंच होतं — "सोमवारी दिसेल."

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

पोटऱ्यांत गोळे. वहिनी म्हणाल्या तसा पायाचा अंगठा वर ओढून धरला, उतरले.

प्रभाकरला विचारलं, यांना सगळं दिवस-वारानिशी कसं कळतं रे? तो म्हणाला, "अगं, बायकांना माहीत असतं." मग मला का नाही माहीत?

गुरुवार, २९ नोव्हेंबर

आज वहिनी आत आल्या त्या ओठांवर बोट ठेवूनच. "आजपासून ऐकू येतं त्याला. जपून बोल." खरंच, कुकरची शिट्टी झाली आणि पोटात दचकल्यासारखं झालं. मी जोरात हसले, तर त्यांनी माझं तोंड दाबलं. हात गार. एवढ्या दुपारी!

तेव्हापासून आम्ही दोघी कुजबुजत बोलतोय. चहा पितानासुद्धा. बाहेर पोरांचा क्रिकेटचा गोंधळ, आणि आत आम्ही दोघी चोरांसारख्या.

मंगळवार, ४ डिसेंबर

नाकातून रक्त. घाबरले नाही. सकाळीच रुमाल जवळ घेऊन बसले होते — वहिनींनी सांगितलं होतं म्हणून. नंतर मनात आलं, मी आता रक्ताची वाट बघत बसते?

शनिवार, ८ डिसेंबर

विचारलं, "वहिनी, तुमची डॉक्टर कोण?" त्या उठल्या आणि घरी निघून गेल्या. कप अर्धा तसाच.

मंगळवार, ११ डिसेंबर

परत येऊ लागल्यात. जणू काही झालंच नाही. आज पोटात टिक् टिक् होत होतं, दहा-बारा मिनिटं. "उचकी लागलीय त्याला," म्हणाल्या. कान माझ्या पोटाला लावायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मला हलता येईना. त्यांचे डोळे मिटलेले. शेवटी म्हणाल्या, "अगदी अस्संच."

मी म्हटलं, तुमचंही दाखवा ना. त्यांनी पदर दोन्ही हातांनी आवळून धरला.

रविवार, १६ डिसेंबर

प्रभाकरने मोरीच्या आरशासमोर उभी करून दाखवलं — "बघ, केवढी झालीयेस!" खरंच. महिन्यापूर्वीचं एकही पोलकं येत नाही.

वहिनींचं पोट मात्र तेवढंच आहे. आज जिन्यात नीट पाहिलं. पहिल्या दिवशी होतं तेवढंच. आधी त्या माझ्या पुढे होत्या. आता मी त्यांच्या पुढे आहे.

बुधवार, १९ डिसेंबर

अंगावर काटा आलाय. लिहून काढते.

शेवंती कोळीण दर बुधवारी मावरं घेऊन दारात येते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. निवट्या काढता काढता माझ्याकडे बघून हसली, "बाय, आता सवा लागला ना?" मी हो म्हटलं. सहज म्हणाले, समोरच्या वहिनींनाही सहावाच आहे.

तिचे हात थांबले. समोरच्या दाराकडे बघून आवाज उतरवला. "तिला सवाच गो. शिमग्याला बगली, तवा बी सवाच. गनपतीला बगली, तवा बी सवाच. त्याच्या मागच्या गनपतीला बी." मग टोपली उचलली. "तिच्या हातचा काय खाव नुको, बाय. मी तिच्या उंबऱ्यात टोपली टेकवत नाय."

निवट्या तशाच राहिल्या. शिजवायचं मन झालं नाही.

गुरुवार, २० डिसेंबर

बेल वाजली. उघडलं नाही. दाराच्या फटीतून साडीची किनार दिसत होती. हलत नव्हती. अर्धा तास.

शनिवार, २२ डिसेंबर

वहिनींचे यजमान विश्रामराव जिन्यात भेटले. बँकेत आहेत. कधी मान वर करून बोलत नाहीत. आज धीर करून विचारलंच. ते कठड्याला धरून उभे राहिले.

"अडीच वर्षांपूर्वी," म्हणाले. "जूनमधे. सातवा लागायला चारच दिवस होते. बुधवार होता. सकाळपासून बाळ हाललं नव्हतं. ती म्हणाली, दमलं असेल, निजलंय. मीही म्हटलं, निजू दे. गुरुवारी गेलो तेव्हा सगळं आटपलेलं होतं. मुलगी होती."

मग म्हणाले, "तेव्हापासून ती पायऱ्या उतरून रस्त्यावर गेलेली नाही. डॉक्टर म्हटलं की थरथरते. पोटात काही नाही हो तिच्या. कापड बांधत असेल. मला जवळ येऊ देत नाही, दार लावून अंघोळ करते. तुम्हाला त्रास होत असेल तर मी सांगतो तिला."

मी नको म्हटलं. म्हणजे वहिनी मला माझे दिवस सांगत नव्हत्या. त्यांचे सांगत होत्या. एक एक, जसे गेले तसे. आणि ते एका बुधवारी संपतात.

सोमवार, २४ डिसेंबर

दार उघडलं आज. कीव आली. त्या कुजबुजल्या, "रागावलीस होय? पोट मधेच दगडासारखं होतंय ना? होतं तसं." होत होतं. तिसऱ्यांदा.

मी विचारलं, "पुढे काय होतं वहिनी? सातव्यात?"

माझ्याकडे बघत राहिल्या. कोरी नजर. "ते मला नाही माहीत."

शुक्रवार, २८ डिसेंबर

अंगठी निघेना. साबण लावला तरी नाही. वहिनींनी बोट हातात घेऊन दाबलं, खळगा पडला तो बराच वेळ भरला नाही. त्यांचा चेहरा उतरला. "हे मला नव्हतं झालं," म्हणाल्या.

पहिल्यांदाच त्यांच्या दिवसांत नसलेलं काही. त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. प्रभाकर म्हणतो, लोणचं कमी खा.

मंगळवार, १ जानेवारी १९९१

नवीन वर्ष. डोकं ठणकतंय. उद्या बुधवार, सातवा लागायला चारच दिवस. वहिनी आज आल्या नाहीत. त्यांच्या घरातून चालण्याचा आवाज येतोय — स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर.

शुक्रवार, ४ जानेवारी

ठाणे. टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरबाईंकडे दाखल आहे. डाव्या कुशीवर पडून लिहितेय, अक्षर वाईट येतंय. पण लिहायलाच हवं.

बुधवारी प्रभाकर गेला आणि पाचच मिनिटांत बेल. वहिनी. "हाललं का?" मी म्हटलं, हो. आठला बेल. "हाललं?" हो म्हटलं. पण मलाच नीट आठवेना. नऊला बेल. दहाला बेल. "खरं सांग, हाललं का?" माझं डोकं फुटत होतं. मी ओरडले, "तुमचं गेलं म्हणून माझंही जायला हवंय का?" आणि दार लावलं. असं बोलले मी. त्यांना.

बेल परत वाजली नाही.

मग घर इतकं शांत झालं! पोटातही. साखर खाल्ली, गार पाणी प्यायले, कुशीवर निजले. बारा. एक. हात ठेवून बघितलं, नुसतं जड. मनात आलं, दमलं असेल. निजलंय. आणि ते शब्द कुणाचे होते ते आठवून ताडकन उठले. डोळ्यांपुढे चांदण्या.

दार उघडलं तर वहिनी जिन्यावर बसलेल्या. बाहेर जायची साडी, पायात चपला, पर्स मांडीवर. किती वेळ बसल्या होत्या देव जाणे. मी काही बोलायच्या आत उठल्या. माझा दंड धरला. एकेक पायरी उतरताना त्यांचा श्वास ऐकू येत होता, लहान मुलासारखा. फाटकापाशी थांबल्या. मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या, मी जाते." त्यांनी डोळे मिटले आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. रिक्षाला हाक मारली ती इतक्या मोठ्याने! महिनाभर मी त्यांची फक्त कुजबुज ऐकली होती.

खाडीच्या पुलावर रिक्षा जोरात उसळली. मी वहिनींवर आदळले, माझं कोपर त्यांच्या पोटात बसलं.

कापड नव्हतं. घट्ट होतं, गरम होतं. माझ्यासारखंच.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

डॉक्टरबाईंनी पोटाला नळकांडं लावलं. इथे, तिथे, परत इथे. वहिनी भिंतीला टेकून उभ्या. मग बाई म्हणाल्या, "सापडले ठोके. मंद आहेत, पण आहेत." वहिनी तशाच भिंतीवरून घसरत खाली बसल्या.

माझं प्रेशर एकशे सत्तर, लघवीतून प्रथिनं जाताहेत. "सूज, डोकेदुखी, कुणी बघितलं नाही का घरात? आज आलात म्हणून बरं," बाई म्हणाल्या. प्रभाकर रात्रभर बाकावर बसून होता. लोणच्याचं त्यालाच आठवत असणार. मी काढलं नाही.

सोमवार, ७ जानेवारी

काल संध्याकाळी बाळाने लाथ मारली, चांगली जोरात! सातवा लागला.

वहिनी रोज येतात. रिक्षाने, एकट्या. आज मी डॉक्टरबाईंना म्हटलं, यांनाही एकदा बघाल का? वहिनी दाराकडे निघाल्या. मी त्यांचं मनगट पकडलं. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही धरून आणलंत, मी आले. आता तुम्ही या."

खूप वेळाने शेजारच्या कॉटवर आडव्या झाल्या. हात माझ्या हातात. बाईंनी पदर बाजूला केला, हात ठेवला. दोन्ही हातांनी चाचपलं. परत चाचपलं.

वहिनींनी विचारलं, "आहे ना?"

बाई म्हणाल्या, "आहे काहीतरी. यजमानांना बोलावून घ्या."

गुरुवार, १७ जानेवारी

सकाळी वहिनींचं ऑपरेशन झालं. गर्भाशयाची गाठ. सहा महिन्यांच्या पोटाएवढी. बाई म्हणतात, ती तेव्हाही असणार, वारेच्या मागेच, बाळाचं रक्त अडवून. त्या बुधवारी धावत आल्या असत्या तरी मुलगी बहुतेक वाचली नसती. विश्रामराव बाहेर बाकावर तोंड झाकून बसलेत. वहिनी अजून गुंगीत आहेत. जाग्या झाल्या की हे मला सांगायचंय, मोठ्या आवाजात.